पोरांना घेऊन आठवडी बाजाराला जायचंय? मग हे वाचून जा

सगळ्यात आधी बाजाराचा वार विचारून घ्या. हे काय सांगायचं असं वाटेल, पण आम्ही एकदा आईला, बायकोला, दोन्ही पोरांना गाडीत कोंबून दीड तास गेलो आणि बघतो तर रिकामं मैदान, दोन कुत्री आणि वाऱ्यावर फिरणारी कोबीची पानं. बाजार आदल्या दिवशीच होऊन गेलेला. मॅपवर 'वीकली मार्केट' लिहिलेलं असतं पण कुठला वार ते लिहिलेलं असेलच असं नाही, त्यामुळे त्या गावातल्या कुणालातरी, अगदी पेट्रोल पंपावरच्या पोराला जरी विचारलं तरी चालेल, पण विचारा. गावाचा वार पिढ्यान्पिढ्या ठरलेला असतो, सहसा बदलत नाही, पुण्यातल्या पेठांची नावं बाजाराच्या वारांवरून पडली म्हणतात, नागपुरात तर इतवारी, बुधवारी, शुक्रवारी असं अजून बोलण्यात आहेच. नाशकात गोदाकाठचा बाजार बुधवारचा, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतला रविवारचा, जुन्नर तालुक्यात बेल्ह्याचा सोमवार बैलांसाठी नावाजलेला, तिकडे गोव्यात म्हापशाचा शुक्रवार. आणि अजून एक, मतदानाचा दिवस आणि बाजाराचा वार एक आला तर जिल्हाधिकारी बाजार बंद ठेवायला लावतात, तेवढं लक्षात ठेवा. गावची जत्रा असेल तर मात्र उलटं, बाजार भरतो पण गाडी लावायला दोन किलोमीटरवर जागा मिळते.

आम्ही राहतो चिंचवडला, गाव जुन्नर तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, उगाच गर्दी व्हायची. महिन्यातून एकदा तरी शनिवारी आम्ही बाजार धरून जातो आणि मधल्या आठवड्यांत इथेच शहरात मैदानावर शेतकरी आठवडे बाजार भरतो तिकडे. हे शहरातले बाजार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील, 2016 साली सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे शेतकऱ्याला तो समितीबाहेर थेट विकता यायला लागला, त्याच वर्षी संत सावता माळ्यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराची मोहीम सुरू केली, तेव्हापासून पुण्या-मुंबईकडे हे प्रकरण जोरात वाढलं. सावता माळ्यांचं नाव देणाऱ्याला माझा नमस्कार, कांदा मुळा भाजी अवघी विठाबाई माझी म्हणणाऱ्या माणसापेक्षा भाजीबाजाराला चांगलं नाव कुठलं असणार.

दोन्हीत फरक आहे आणि पहिल्यांदा पोरांना नेणार असाल तर कुठे न्यायचं ते ठरवा. शहरातला सुटसुटीत, तंबू ओळीने, दोन-तीन तासांत उरकतो, म्हातारी माणसं आणि बाबागाडीतलं बाळ असेल तर हाच बरा. पण खरी मजा गावच्या बाजारात, कारण तिथे भाजी हा फक्त एक कोपरा असतो. बाकी मग लोहार विळे-खुरपी घेऊन बसलेला, कुंभाराचे माठ, कासाराकडे बांगड्या भरून घेणाऱ्या बायकांची रांग, सुक्या मासळीची ओळ, दोर-कासरे-घुंगरमाळा विकणारा, मसाल्याची पालं, चपला, गोधड्या, बियाणं. आमच्या लेकीने आयुष्यात पहिल्यांदा विळीला धार लावताना उडणाऱ्या ठिणग्या बाजारात बघितल्या आणि वीस मिनिटं तिथून हलली नाही. मी दोनदा म्हटलं चल चल आणि मग गप्प बसलो, कारण आपण आलोय कशाला.

हेच मला मुख्य सांगायचंय खरं तर. बाजार हे काम समजून गेलात तर वैताग येणार, ऊन आहे, गर्दी आहे, धक्के आहेत, भाजी तर घराखाली गाडीवर पण मिळते आणि ॲपवर दहा मिनिटांत येते. त्यामुळे यादी करू नका. म्हणजे तेल-मीठ-साबण असली यादी असेल तर ती किराणा दुकानात न्या. बाजारात जे आलंय ते बघून आठवड्याचं जेवण ठरवायचं, आणि प्रत्येकाने आपापलं काहीतरी घ्यायचं. आमच्या घरात नियम असा आहे की दोन्ही पोरांना पन्नास पन्नास रुपये द्यायचे, अख्खी नोट नाही, सुट्टे, आणि अट एकच, त्यातून एक भाजी किंवा फळ असं घ्यायचं जे आपण आधी कधी खाल्लं नाही किंवा ज्याचं नाव माहीत नाही. बाकीच्या पैशांचं काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील, गोडीशेव घेतील नाहीतर भिंगरी, आपण तोंड घालायचं नाही. आणि त्यांनी घेतलेली भाजी त्याच रात्री करायची, हे फार महत्त्वाचं आहे, फ्रीजमध्ये मागे ढकलली की पुढच्या वेळी पोरगं भाजीकडे बघत पण नाही.

मुलाने एकदा करटुली आणली. हिरवी, काटेरी, लिंबाएवढी. त्याला ती भाजी वाटलीच नव्हती, काहीतरी खेळण्यातलं वाटलं. विकणाऱ्या मावशीला म्हणे हे काय आहे, ती म्हणाली करटुलं बाळा, कारल्याचं भावंड पण कडू नाही. घरी आल्यावर आईने उभी चिरून, कांद्यावर परतून, वरून ओलं खोबरं घालून दिली, ज्या पोराला दुधीचं नाव काढलं तरी पोटात दुखतं त्याने दोन पोळ्यांबरोबर संपवली. मी काही दावा करत नाही की पोरं यामुळे भाज्या खायला लागतात, भेंडी सोडून बाकी सगळ्याला अजून नाकच मुरडतात, पण स्वतःच्या पैशाने आणलेली भाजी टाकून द्यायला त्यांना जड जातं एवढं नक्की.

वेळ. शहरातल्या बाजारात लवकर जा, चांगली पालेभाजी आधी संपते. गावच्या बाजाराचं तसं नाही, सकाळी नऊला गेलात तर लोक अजून पालं ठोकत असतात, टेंपो उतरत असतात, खरा रंग अकरानंतर. उन्हाळ्यात मग आम्ही चारनंतर जातो, ऊन कललेलं असतं आणि बाजार उठायच्या आधी भाव पण उतरतात, ज्याला घरी जायची घाई आहे तो वाटे मोठे करायला लागतो. पण तेव्हा उरलेलं असतं हेही खरं, मेथी मलूल, टोमॅटो दबलेले. आईचं म्हणणं बाजार दोनदा फिरावा, एकदा नुसता बघायला आणि एकदा घ्यायला. पहिल्या फेरीत हात मागे बांधून चालायचं, कुठे काय आलंय, कोण काय भाव सांगतंय ते ऐकायचं, आणि पिशवी दुसऱ्या फेरीतच उघडायची. बायकोला हे अजिबात पटत नाही, तिला दिसलं की घ्यायचं असतं, त्यामुळे आमच्यात दोन पार्ट्या आहेत आणि त्या दोन बाजूंनी फिरतात, मग शेवटी दोन्हीकडून कोथिंबीर येते.

पिशव्यांचं नीट बघा. कापडी पिशव्या चार-पाच, एक वायरची पिशवी टोमॅटोसाठी कारण ती दबत नाही, आणि एक स्टीलचा डबा. डबा लोकांना विनोदी वाटतो पण करवंदं, जांभळं, गावठी अंडी, हे सगळं डब्यातच सुखरूप घरी येतं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी बाजारात मिळतात हा भाग वेगळा, पण पालेभाजी त्यात घामेजते. चाकाची ट्रॉली वगैरे नेऊ नका, आम्ही नेली होती, चिखलात चाकं रुतली आणि मी ती डोक्यावर घेऊन आलो, अख्ख्या बाजाराची करमणूक झाली. भरताना कांदे-बटाटे-भोपळा तळाला, शेंगा-वांगी मध्ये, पालेभाज्या वर, हे सगळ्यांना माहीत असतं पण बाजारात ज्या क्रमाने घेतो त्याच क्रमाने भरतो म्हणून घोळ होतो. म्हणून जड वस्तू शेवटच्या फेरीत वेगळ्या पिशवीत.

पावसाळ्यात जाणार असाल तर पोरांना शाळेचे बूट घालू नका, प्लास्टिकच्या सँडल घाला. गुडघ्यापर्यंत चिखल उडतो. पण जायचं तर पावसाळ्यातच, हे मी छातीठोक सांगतो, कारण जूनपासून पुढचे दोन-अडीच महिने आदिवासी पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन येतात आणि ते शहरातल्या गाडीवर सहसा दिसत नाही. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, शेवळं, चाई, मग करटुली. त्यांच्याकडे वजनकाटा नसतो, पळसाच्या नाहीतर सागाच्या पानावर वाटे लावलेले असतात, आणि समोरची बाई बोलणार पण नाही फारसं, आपण विचारलं तरच सांगणार. विचारा. कशी करायची ते भाजी घ्यायच्या आधी विचारायचं, कारण काही भाज्यांना युक्ती लागते. शेवळं घेतलीत तर त्याबरोबर काकडं मिळतात, छोटी हिरवी आंबट फळं, ती घ्याच, नाहीतर घसा असा खाजेल की परत बाजाराचं नाव काढणार नाही. टाकळ्याची पानं कोवळी असतील तरच. फोडशीचा खालचा पांढरा दांडा काढून टाकायचा. आणि आपल्याला ओळखता येत नाही ती पालेभाजी रस्त्याच्या कडेने स्वतः तोडून आणायचा शहाणपणा करू नका, बाजारातल्या बाईने लहानपणापासून तोडलीय, तिच्याकडून घ्या.

शेतकरी कोण आणि व्यापारी कोण ते ओळखायचं कसं, हे मला बरेच जण विचारतात. सोपं आहे. ज्याच्यापुढे कांद्या-बटाट्यापासून आल्या-लसणापर्यंत पंचवीस प्रकार रचून ठेवलेत, सगळे टोमॅटो एका मापाचे, त्याने माल मार्केट यार्डातून आणलाय. ज्याच्यापुढे गोणपाटावर दोन-तीनच गोष्टी आहेत, समजा वांगी, थोड्या मिरच्या आणि कडीपत्ता, वांगी लहान-मोठी, एखादं किडकं पण, तो घरचा माल. मी विचारतो "दादा, रान कुठंय तुमचं?" शेतकरी लगेच गाव, ओढा, विहिरीचं पाणी, पाऊस सगळं सांगायला लागतो, थांबवावं लागतं. पण म्हणून व्यापाऱ्याकडून घेऊ नये असं काही नाही हं, तो पण पहाटे तीनला उठलेला असतो, आणि बटाटा काय सगळ्यांच्या रानात येत नाही.

आता भाव. माझं मत स्पष्ट आहे आणि घरात यावरून भांडणं होतात. जुडी-वाट्यावर घासाघीस करू नये. कोथिंबिरीचं गणित बघा, कधी दहाला दोन जुड्या मिळतात तेव्हा त्या बाईला तोडणी आणि एसटीचं भाडं तरी सुटलं असेल का, आणि कधी एकच जुडी चाळीसला जाते तेव्हा बहुतेक पावसाने शेजारच्या चौघांचं पीक झोपवलेलं असतं. दोन्ही वेळेला पाच रुपये कमी करून आपण काय मिळवतो. पण आई ऐकत नाही. ती म्हणते, "अरे, भाव केलाच नाही तर तिला वाटेल आपण कमी सांगितला, रात्रभर झोप लागायची नाही बिचारीला." त्यामुळे आई भाव करते, मग बाई सांगते तेवढेच पैसे देते आणि वर चार मिरच्या नाहीतर कडीपत्त्याची काडी मागून घेते. हे 'वर' मागणं म्हणजे घासाघीस नाही, तो बाजाराचा रिवाज आहे, बहुतेक वेळा मागायच्या आधीच टाकतात. पोरांना हे शिकवा, "मावशी, वर काहीतरी द्या ना" म्हणताना आमची लेक जो चेहरा करते त्यावर आजवर गाजर, बोरं, एकदा तर अख्खं कणीस मिळालंय. खेळण्यावाल्याशी मात्र जरूर घासाघीस करा, आणि ते पोरांनाच करू द्या.

सकाळी लवकर गेलात आणि तुम्ही पहिलं गिऱ्हाईक असाल तर ती भवानीची वेळ. तेव्हा नुसता भाव विचारून पुढे जाऊ नका, थोडं का होईना घ्या. भवानीची नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकतात ते आमच्या मुलाला एवढं आवडलं की तो आता त्याला कुणीही पैसे दिले की कपाळाला लावतो, एकदा शाळेत बाईंनी पेन्सिल दिली ती पण लावली.

निवडायचं कसं यावर आई पुस्तक लिहील, मी थोडक्यात सांगतो. वांगं हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं असेल तर चांगलं, जड असेल तर आत बिया. भरताचं तर हलकंच हवं. दुधीवर बारीक लव असेल तर कोवळा, नख लावायची गरज नाही. भेंडीचं टोक मोडून बघायची सवय सोडा, मोडलेल्या भेंड्या मग कोण घेणार, बोटाएवढी लहान घ्या म्हणजे झालं. कलिंगड वाजवून कळतं म्हणतात, मला पन्नास वर्षांत कळलं नाही, मी खालची बाजू बघतो, जमिनीवर टेकलेला डाग पिवळा हवा, पांढरा असेल तर लवकर तोडलंय. पालेभाजीची जुडी मधून थोडी फाकवून बघा, वरून हिरवीगार आणि आत पिवळी असा प्रकार असतो, आणि जिच्यावर सारखं पाणी मारतायत ती त्याच दिवशी करून टाका. गूळ फार लख्ख पिवळा असेल तर मी घेत नाही, काळपटच घेतो. साठवणीचा कांदा एप्रिल-मेमध्ये घ्यायचा, उन्हाळी, मान घट्ट मिटलेली, पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच.

धान्य मापाने विकणारे अजून भेटतात, कमी झालेत पण भेटतात. तिथे पोरांना नक्की थांबवा. आमच्याकडच्या पोरांना किलो आणि ग्रॅम सोडून काही माहीत नाही, आणि समोर एक म्हातारबाबा पत्र्याच्या मापाने पावटे मोजत होते, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. लेक चौथीत आहे, तिने तिथल्या तिथे हिशेब केला की पायलीत सोळा चिपटी. बाबा म्हणाले पास झालीस, आणि मापावर शीग लावून, म्हणजे काठाच्या वर निमुळता ढीग करून, वर एक मूठ टाकली. मापाला शीग असणं म्हणजे काय हे असं डोळ्यांनी बघितल्याशिवाय समजावता येत नाही, मी आधी दोनदा प्रयत्न केला होता.

पैशांचं. सगळीकडे स्कॅनर आलेत, अगदी कडीपत्तावाल्या आजीकडे पण नातवाच्या नावाचा कोड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. पण भर बाजारात नेटवर्क मरतं, हे गृहीत धरूनच चला. दहा-वीसच्या नोटा भरपूर न्या, बँकेतून आधीच सुट्टे करून आणा, पाचशेची नोट दाखवली की सगळ्यांची तोंडं पडतात. परवा आमचं तेच झालं, सुट्टे संपले, मुलाने त्याच्या वाट्याचे पन्नास कधीच उडवलेले, आणि त्याला नेमका चाकवत हवा होता, का तर नाव आवडलं. वीस रुपये. फोनवर ते गोल चाक फिरतंय फिरतंय. मावशी म्हणाल्या, "राहू द्या वो, पुढच्या बाजारी द्या." मी म्हटलं अहो पण पुढच्या बाजाराला आमचं येणं होईल का नाही माहीत नाही. "नाही आलात तर त्याच्या पुढच्या बाजारी," म्हणाल्या आणि जुडी त्याच्या पिशवीत कोंबली. नाव विचारलं नाही, नंबर विचारला नाही.

पोरं हरवण्याची भीती असतेच. आम्ही जागा ठरवून ठेवतो, मारुतीच्या देवळाचा पार, चुकलात तर तिथे येऊन बसायचं, इकडे तिकडे शोधत फिरायचं नाही, आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी. तरी मुलगा एकदा दहा मिनिटं दिसला नव्हता, ती दहा मिनिटं मी काय सांगू, बायको रडायची बाकी होती, आणि हा सापडला कोंबड्यांच्या पाट्यांजवळ उकिडवा बसलेला, गुलाबी रंग दिलेली पिल्लं बघत. पारावर का नाही आलास तर म्हणे मी हरवलोच नव्हतो, मला माहीत होतं मी कुठंय. या रंगवलेल्या पिल्लांबद्दल आत्ताच घरी ठरवून जा, फ्लॅटमध्ये ती जगत नाहीत, आणि बाजारात उभं राहून हे पोरांना समजावणं अशक्य आहे.

खाण्याबद्दल न सांगता कसं चालेल. बाजाराला घरून जेवून जाऊ नका. आमच्याकडे भेळ-भत्ता हा बाजाराचा खाऊ, कागदाच्या पुडीत, वर शेव आणि तोंडी लावायला कांदा, शिवाय गोडीशेव आणि गरम जिलेबी. भज्यांची कढई जिथे जोरात चालू आहे, गिऱ्हाईक उभंय, घाणा खाली उतरतोय तिथेच खा, गार भज्यांच्या ढिगातलं घेऊ नका. पाणी घरचं न्या. उसाचा रस बर्फाशिवाय मागा. कोकणात गेलात तर आलं घातलेला खाजा, म्हापशाला गेलात तर मोयऱ्याची जाडजूड केळी आणि खात असाल तर गोव्याच्या सॉसेजच्या माळा, मे महिन्यात तर तिकडे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी चालू असते, सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच, बघायलाच जावं. सुक्या मासळीच्या ओळीतून आमची लेक नाक दाबून पळते आणि रात्री सुकटीची चटणी भाकरीबरोबर सगळ्यात आधी मागते, यावर मी काही बोलत नाही.

महिने लक्षात ठेवायचे तर मला विचाराल तर तीन बाजार चुकवू नका. एक संक्रांतीच्या आधीचा, सुगडं, ऊस, बोरं, ओला हरभरा, पावट्याच्या शेंगा, गाजरं, भोगीच्या भाजीला लागणारं सगळं एका ओळीत, आणि गर्दी म्हणजे गर्दी. दुसरा पोळ्याच्या आधीचा, झुली, गोंडे, बाशिंगं, रंगाच्या पुड्या, ज्यांच्याकडे बैल नाही ते पण मातीचे बैल घेतात. तिसरा मे महिन्यातला, लोणच्याच्या कैऱ्यांचा. तिथे भलामोठा अडकित्ता घेऊन बसलेला माणूस कोयीसकट कैरी फोडून देतो, खट् खट् खट्, किलोवर पैसे, आणि फोडी पुसून कोरड्या करायचं काम घरी पोरांना द्यायचं. अर्ध्या फोडी मीठ लावून तिथेच संपतात, हिशेबात धरून जास्त घ्या.

घरी आल्यावर लगेच पंखा लावून आडवं व्हावंसं वाटेल, पण पालेभाजी आधी सोडवा. जुडीची दोरी कापायची, पेपरवर पसरायची, धुवायची नाही. मेथी-कोथिंबीर कोरडी करून सुती फडक्यात गुंडाळून ठेवली की चार-पाच दिवस सहज राहते. आम्ही हॉलमध्ये चादर टाकून सगळे बसतो, मेथी निवडायला आणि मटार असतील तर सोलायला, टीव्ही बंद. अर्धे मटार तोंडात जातात. आई प्रत्येक गोष्ट हातात घेऊन विचारते हे केवढ्याला आणलं आणि काहीही उत्तर दिलं तरी म्हणते, महाग दिलंन. बायको कोथिंबिरीच्या दोन जुड्या शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे बघते. शेंगांची टरफलं, देठं कुंडीत. निवडता निवडता काय करायचं ते ठरतं, आणि बाजाराच्या रात्री आमच्याकडे भाकरीच असते, पोळ्या लाटायचे त्राण कुणात नसतात. भाकरीला त्राण लागत नाहीत का असं विचाराल तर ते आईला विचारा, ती थापते.

चाकवत त्या रात्री ताकातला केला, डाळ-दाणे घालून, वरून लसणाची फोडणी. मुलाने आधी नुसता वास घेतला, मग खाल्ला, मग म्हणाला ठीक आहे, करटुल्याएवढा भारी नाही. उद्या शनिवार, गाडीत डबा आणि पिशव्या टाकून झाल्यात, आणि पठ्ठ्याने मावशीचे वीस रुपये कागदात बांधून, वर पेनाने 'चाकवत' लिहून, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेत. मी म्हटलं माझ्याकडे दे, तर नको म्हणाला.